सहा दिवसांत पाच सामने: १८९९ मध्ये सवॉनीच्या संघाने नेमकं काय केलं होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजच्या रग्बी संघाचे कर्णधार आहात. येत्या स्पर्धेत चार दिवसांत पंधरा जणांचे तीन पूर्ण सामने आले आहेत आणि मुलं धास्तावली आहेत. त्यावर सरांनी दाखला दिला, की अमेरिकेत १८९९ साली सवॉनी नावाच्या कॉलेजने सहा दिवसांत अमेरिकन फुटबॉलचे पाच सामने खेळून पाचही जिंकले होते. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर आपल्याला तीन का जड जावेत, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी आणि रग्बीच्या संघांबरोबर दौरे करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि सवॉनीचा तो १८९९ चा मोसम माझ्या खास आवडीचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोष्ट खरी आहे. संस्थेचं पूर्ण नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’. टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावरच्या सवॉनी गावात ती आहे, म्हणून सगळे तिला सवॉनीच म्हणतात. एपिस्कोपल चर्चची संस्था, तेव्हा विद्यार्थी काहीशेच. गुरुवार, ९ नोव्हेंबर १८९९ रोजी त्यांनी ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला १२-० हरवलं. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमला १०-०, शनिवारी न्यू ऑर्लीन्समध्ये ट्यूलेनला २३-०. रविवारी विश्रांती, चर्चच्या कॉलेजने रविवारी मैदानात उतरायचा प्रश्नच नव्हता. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटला ३४-०, आणि मंगळवारी, १४ तारखेला, मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठाला १२-०. पाच सामन्यांत ९१ गुण मिळवले आणि एकही दिला नाही. सगळा फेरा आगगाडीने, सुमारे ४,००० किलोमीटरचा.

पूर्ण मोसमात ते १२ सामने खेळले आणि बाराही जिंकले. ३२२ गुण केले, दिले फक्त १०. ते दहाही एकाच सामन्यात गेले, आणि तो सामना या सहा दिवसांतला नाही. त्याकडे पुढे येतो, कारण तुमच्या सरांनी खरं तर त्या सामन्याचा दाखला द्यायला हवा होता.

आता पहिला मुद्दा. ते जो खेळ खेळत होते तो तुमचा रग्बी नव्हे, आणि टीव्हीवर दिसणारा आजचा अमेरिकन फुटबॉलही नव्हे. रग्बीतून फुटून निघालेला तो खेळ तेव्हा मधल्या अवस्थेत होता. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, ५ गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकचा १, फील्ड गोलचेही, म्हणजे खेळ चालू असताना लाथेने गोलखांबांमधून चेंडू मारण्याचेही, ५. मैदान ११० यार्डांचं. चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर तीन प्रयत्नांत ५ यार्ड, म्हणजे साडेचार मीटर, पुढे सरकायचं. चेंडू पुढे फेकायला बंदी. तो पास १९०६ पर्यंत आलाच नाही. मग साडेचार मीटर मिळवायचे कसे? अंगाने ढकलून. चेंडू घेतलेल्या गड्याला मागून साथीदारांनी रेटायचं आणि समोरच्या भिंतीत घुसवायचं.

शरीरावर याचा भार कसा पडतो ते बघा. पंधरा जणांच्या रग्बीत तुमचा एकेक खेळाडू ८० मिनिटांत साधारण ५ ते ७ किलोमीटर धावतो, आणि त्यातला बराच भाग वेग घेणं, थांबणं, वळणं यात जातो. मांडीच्या मागचा स्नायू फाटतो तो यात. १८९९ च्या खेळात एक चाल काही सेकंदांची, मग गठ्ठा पडायचा, माणसं उठायची, पुन्हा रांग. धाव कमी, रेटारेटी जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांना होत असणार तो मुका मार: मांडीवर, बरगड्यांवर, खांद्यावर. मुक्या माराने अंग ठणकतं, आखडतं, पण हाड शाबूत असेल तर माणूस गरम झाल्यावर खेळू शकतो. फाटलेल्या स्नायूने नाही खेळता येत. कबड्डीच्या पोरांना एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामने खेळताना मी कायम बघत आलोय, त्यामुळे हा फरक माझ्या रोजच्या कामातला आहे.

शिवाय तेव्हा हाफ नियमाने ३५ मिनिटांचे असले, तरी दोन्ही बाजूंनी ठरवून ते लहान करायची पद्धत सर्रास होती.

याचा अर्थ ते सोपं होतं असा अजिबात घेऊ नका. हल्ल्याला जे अकरा, तेच अकरा बचावाला. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. दौऱ्यावर माणसं होती वीसएक. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. बरेच जण केस वाढवून तेवढ्या संरक्षणावर उतरत. हा खेळ जीवघेणा होता, आणि हे शब्दशः म्हणतोय. दोनच वर्षांपूर्वी, १८९७ मध्ये, जॉर्जिया विद्यापीठाचा रिचर्ड व्हॉन गॅमन हा मुलगा अटलांटात व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना डोक्याला मार लागून गेला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने खेळावर बंदीचं विधेयक मंजूर केलं. त्या मुलाच्या आईनेच बंदी घालू नका असं पत्र लिहिलं आणि राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं. ती बंदी लागू झाली असती तर सवॉनीचा हा मोसम जसा सुरू झाला तसा होऊच शकला नसता, कारण त्यांचे पहिले दोन सामने जॉर्जियातल्या अटलांटातच झाले: २१ ऑक्टोबरला जॉर्जियाविरुद्ध १२-०, आणि २३ तारखेला जॉर्जिया टेकविरुद्ध ३२-०. तारखा पाहिल्यात? तीन दिवसांत दोन सामने. पुढे २८ तारखेला घरच्या मैदानावर टेनेसीविरुद्ध ४६-०, ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनविरुद्ध ५४-०. टेक्सासला निघाला तो संघ दोन आठवड्यांत चार सामने खेळलेला, अंग तयार झालेला होता. तुमची मुलं शेवटचा पूर्ण सामना कधी खेळली? सरांशी बोलताना हा प्रश्न आधी मांडा.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्यामुळे मला हा मोसम आवडतो. तो खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही. प्रशिक्षक बिली सूटर, प्रिन्स्टनमध्ये तयार झालेला, उत्तम होता यात वाद नाही. पण मी बोलतोय लूक ली याच्याबद्दल. ली विद्यार्थीच होता, वय २०, आणि संघाचा व्यवस्थापक. दौऱ्याचं मूळ पैशात आहे. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी दरवर्षी होणारा सामना तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून फिसकटला. मोसमातली सगळ्यात मोठी कमाई गेली. ती भरून काढायला लीने टेक्सासपासून टेनेसीपर्यंत सामन्यांची माळ लावली. सामने इतके दाट का, याचं उत्तर माझ्या मते यातच आहे: दौऱ्यावरचा प्रत्येक रिकामा दिवस म्हणजे वीस जणांचं खाणं-राहणं आणि तिकिटाची कमाई शून्य. पराक्रम करायचा म्हणून हे वेळापत्रक कुणी आखलेलं नव्हतं.

ते तडीस कसं नेलं ते मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. लीने संघासाठी स्वतंत्र झोपायचा डबा घेतला. सामना संपला की डब्यात, गाडी रात्रभर चालणार, सकाळी पुढचं गाव. ऑस्टिन ते ह्यूस्टन अडीचशेहून जास्त किलोमीटर, ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स साडेपाचशेच्या आसपास. हे अंतर बाकावर बसून कापलं असतं तर शनिवारी ट्यूलेनपुढे अकरा माणसं उभी राहिली नसती. झोप ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्याऐवजी मी संघाला दुसरं काही देऊ शकत नाही. मालिश, बर्फ, पट्ट्या, सगळं तिच्यानंतर. वीस वर्षांच्या एका पोराने १८९९ मध्ये ही गोष्ट ओळखून तिच्यावर पैसे खर्च केले, याचं मला मनापासून कौतुक आहे.

दुसरी गोष्ट पाणी. सवॉनीच्या झऱ्याच्या पाण्याची दोन पिंपं त्यांनी डब्यात चढवली होती. अनोळखी गावचं पाणी प्यायचं नाही. दौऱ्यावर संघ गारद होतात ते टॅकलने कमी आणि पोटाने जास्त. दोन गडी जुलाबाने आडवे झाले की बाकीच्यांवर भार वाढतो आणि मग दुखापतींची रांग लागते. विषमज्वर घरोघरी होता त्या काळात तर पाण्याची ही काळजी म्हणजे अर्धा दौरा जिंकणं.

तिसरी, बुटांची पेटी. निघताना खेळायचे बूट मागे राहिले, आणि ते लक्षात आलं गाडी सुटल्यावर. लीने तार केली, पेटी मागून रवाना झाली आणि सामन्याआधी हाती आली. दुसऱ्याचे बूट घालून कुणाला खेळावं लागलं नाही. पायाला फोड आलेला गडी चाल बदलून धावतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा गुडघा किंवा कंबर बोलायला लागते. सलग सामन्यांत एवढंसं कारण पुरतं.

संघाबरोबर अंग रगडून देणारा माणूस होता, कॅल बरोज. तो कृष्णवर्णीय होता. ज्या कॉलेजच्या मुलांचे ठणकणारे पाय तो रोज सामन्याला उभे करत होता, त्या कॉलेजात त्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना प्रवेश नव्हता, आणि पुढे पन्नासेक वर्षं तरी त्या संस्थेचं दार उघडलं नाही. या मोसमाचं कौतुक करताना हे नाव सोडून देणं मला जमत नाही. जिंकलेल्या अकरांची नावं पाठ असणारे पुष्कळ आहेत. सलग सामन्यांत संघ उभा राहतो तो अशा हातांवर, हे माझ्या पेशातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

लीची पुढची हकीकतही सांगून टाकतो. तो अमेरिकेचा सिनेटर झाला, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, जर्मनीच्या पदच्युत कैसरला, म्हणजे सम्राटाला, पकडून आणायला काही सोबत्यांना घेऊन हॉलंडमधल्या त्याच्या आसऱ्याच्या वाड्यापर्यंत जाऊन आला. कैसर काही हाती लागला नाही.

खेळाडूंमध्ये कर्णधार हेन्री साइबेल्स, सगळे त्याला ‘डिडी’ म्हणत. टेक्सासविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, रक्त वाहत असताना तो खेळत राहिला आणि दोन्ही टचडाउन त्यानेच केले. सरांनी ही गोष्ट सांगितली असेल तर ती अभिमानाने सांगितली असणार. तुम्ही संघापुढे ती वेगळ्या सुरात सांगा. वरची जखम शिवता येते, पण कवटीच्या आत काय झालंय ते मैदानावर कुणाला दिसत नाही. डोक्याला मार लागलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी पुन्हा टॅकलला जातो तेव्हा तो मरणाच्या शक्यतेत जातो. व्हॉन गॅमनचा सामना या मुलांच्या आठवणीत ताजा होता, तरी ते असं खेळले, कारण तेव्हा कुणाला याहून जास्त कळत नव्हतं. आपल्याला कळतं.

बचावाबद्दल थोडं, कारण पाच सामन्यांत शून्य गुण दिले हा आकडा मला ९१ पेक्षा मोठा वाटतो. थकलेला संघ आधी बचावात ढिला पडतो. चेंडू हातात असला की अंगात जोर येतो. दुसऱ्याचा गडी पाडायला जाताना खरा थकवा कळतो. त्या खेळात मात्र थकव्यावर एक तोड होती: आघाडी घेतल्यावर चेंडू पायाने लांब उडवून द्यायचा आणि समोरच्याला आपल्याच टोकापासून सुरुवात करायला लावायची. सवॉनीचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा, ऑर्मंड सिमकिन्स या लाथेसाठी नावाजलेला होता. तो चेंडू लांब मारायचा, तेवढ्यात बाकीचे दहा चालत खाली यायचे आणि दम घ्यायचे. मोसमभर त्यांनी शरीर असं पुरवून वापरलं.

आता ज्यात ते दहा गुण गेले तो सामना. दौऱ्यावरून परतल्यावर २० नोव्हेंबरला कंबरलँडला ७१-० असं धुतलं आणि दहा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दिवशी मंटगमरीत ऑबर्नविरुद्ध उतरले. ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइसमन. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला ज्याच्या नावाचा चषक मिळतो तोच हा. त्याने संघाला झपाट्याची सवय लावली होती. एक चाल संपली की समोरच्याला उठून सावरायच्या आत दुसरी सुरू. गठ्ठा पडण्यात आणि उठण्यात जी विश्रांती मिळायची, जिच्या जोरावर सवॉनी सहा दिवस टिकली असं मी वर म्हटलं, तीच हाइसमनने काढून घेतली. निकाल ११-१०, सवॉनी जिंकली. दोघांचे दोन-दोन टचडाउनांएवढे गुण, फरक फक्त टचडाउननंतरच्या एका किकचा. हाइसमनने नंतर पंचांच्या निर्णयांवर वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली.

हा सामना दहा दिवसांच्या विश्रांतीनंतरचा होता. तरी सवॉनी सगळ्यात जास्त झगडली ती इथे. वेळापत्रकाने त्यांना थकवलं नाही, खेळाच्या वेगाने थकवलं. तुमच्या सरांना हेच दाखवा. सामने किती यावर भार ठरत नाही. एका सामन्यात धाव किती, धडक किती, आणि दोन धडकांमध्ये दम घ्यायला वेळ किती, यावर ठरतो. आजचा रग्बी त्या मापाने हाइसमनच्या ऑबर्नच्या बाजूचा आहे. म्हणूनच २०२३ च्या रग्बी विश्वचषकात प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये किमान पाच दिवस मिळतील असं वेळापत्रक केलं गेलं, आणि ती माणसं व्यावसायिक, सोबत डॉक्टरांचा ताफा.

ऑबर्ननंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ५-०. सामन्यात एकदाच गुण झाले. तिथे मोसम संपला. दक्षिणेतलं अजिंक्यपद त्यांचंच मानलं गेलं. या छोट्या कॉलेजला पुढे मोठ्या विद्यापीठांचा वेग झेपला नाही. १९३३ पासून ते साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळले आणि १९४० मध्ये बाहेर पडेपर्यंत त्या गटातला एकही सामना जिंकले नाहीत.

तर तुमचे तीन सामने. आयोजकांशी बोलून दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात किमान एक पूर्ण दिवस मागा. इतर संघांनाही तो हवाच असतो, चार कर्णधारांनी मिळून लेखी अर्ज दिला तर ऐकलं जातं. तीनही सामन्यांत तेच पंधरा उतरवू नका. लीच्या मुलांना बदली खेळाडू परत आणायची सोय नव्हती, तुमच्याकडे राखीव बाक आहे. पुढच्या फळीतले गडी वाटून खेळवा, आणि पहिला सामना हातात आला की पन्नासाव्या मिनिटाला बदल करा. शिट्टी वाजल्यापासून पहिल्या चार तासांत खाणं महत्त्वाचं: दर तासाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं. सत्तर किलोच्या मुलाला तासाला ७० ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि सोबत गुळाच्या दोन-तीन चिक्क्या, किंवा भाताचं भरलेलं ताट. वडापावावर भागवू नका, तेलकट लवकर पचत नाही. पाणी स्वतःचं न्या, वीस लिटरचे जार भाड्याने मिळतात. मुक्कामाची जागा मैदानाजवळ घ्या आणि रात्री दहाला मोबाइल गोळा करा. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळी खाऊन उतरू देऊ नका. घाम गाळलेल्या अंगात त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात, आणि दुखणं दबल्यामुळे लचकेची फाटाफूट होते.

आणि डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, गडी क्षणभर गोंधळला, अडखळला, स्कोअर चुकीचा सांगू लागला, तर त्या स्पर्धेपुरतं त्याचं खेळणं संपलं. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हा निर्णय कुणी घ्यायचा ते पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री ठरवून ठेवा, आणि तो माणूस संघातला खेळाडू नसावा.